लावणीचे दिवस आणि ‘भात बंद’चा सल्ला

मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरहून आत वळले, की डोंगरांच्या कुशीत तळा लागते. तळगडाच्या पायथ्याचे हे गाव पूर्वी माणगाव तालुक्यात होते. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईत असते. गणपतीला आणि शिमग्याला हे चाकरमानी गावी येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर शहरातले सल्लेही येतात. अलीकडच्या काळात त्यांतला सर्वांत ठाम सल्ला आहे तो भात बंद करण्याचा. भात सोडा, भाकरी सोडा, अंडी-मासे-पनीर खा. वजन उतरेल आणि मधुमेहही पळेल, असे सांगितले जाते.

सल्ला देणाऱ्याला गुण आलेला असतो, त्यामुळे त्याच्या बोलण्यात खोटेपणा नसतो. मात्र तो दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसणारा असतो आणि ऐकणारी त्याची काकी किंवा चुलतभाऊ जुलै महिन्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून आवण लावणारे. एकच पथ्य या दोन शरीरांना सारखेच लागू पडेल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो केवळ तळ्यापुरता नाही. मुंबईतला माथाडी कामगार, बांधकामावरचा गवंडी, दिवसभर जिने चढणारा सामान पोहोचवणारा मुलगा आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांनाही तो तितकाच लागू आहे.

कमी कर्बोदकांच्या आहाराची कल्पना नवी नव्हे. लंडनमध्ये अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम बॅंटिंग यांनी १८६३ मध्ये आपल्या लठ्ठपणावरील अशाच उपायाची पुस्तिका छापली. १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने त्याची लाट आणली. आज ‘कीटो’ या नावाने जो आहार ओळखला जातो, तो मुळात १९२० च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांसाठी वापरात आला. या प्रकारात दिवसाला साधारण ५० ग्रॅमहून कमी कर्बोदके घेतली जातात. एवढी कर्बोदके जेमतेम ६५ ग्रॅम कच्च्या तांदळात, म्हणजे एका लहान मुठीत मावतात.

हिशेब ताटाचा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० उष्मांक लागतात. तोच पुरुष जड अंगमेहनत करत असेल, तर हा आकडा ३,४७० वर जातो. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६० आणि २,७२० असे आहेत. म्हणजे चाकरमान्याच्या आणि त्याच्या शेतकरी भावाच्या गरजेत सुमारे १,३६० उष्मांकांचे अंतर असू शकते.

आता या शेतकऱ्याने खरोखरच कीटो आहार घ्यायचे ठरवले असे समजू. ५० ग्रॅम कर्बोदकांतून मिळतील २०० उष्मांक. प्रथिने १०० ग्रॅम धरली, तर आणखी ४००. उरलेले २,८७० उष्मांक स्निग्ध पदार्थांतूनच यावे लागतील आणि त्यासाठी रोज सुमारे ३२० ग्रॅम निव्वळ स्निग्धांश पोटात जायला हवा. महिन्याला साडेनऊ किलो तेल-तूप, तेही एका माणसाचे! अंड्यांवर भागवायचे म्हटले तर दिवसाला साठाहून अधिक अंडी लागतील. प्रत्यक्षात असे कोणी करत नाही. भात बंद होतो, त्या जागी दोन अंडी आणि थोडी भाजी येते आणि माणूस गरजेच्या निम्म्या अन्नावर चिखलात उतरतो. त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणणे चूक आहे. ती चक्क उपासमार आहे.

यामागे पैशाचाही प्रश्न आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य दरमहा मिळते; जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. शिधावाटप दुकानातून फुकट मिळणारी ऊर्जा ही तांदूळ-गव्हाचीच. पनीर आणि बदाम त्या दुकानात मिळत नाहीत.

कष्टाला इंधन कोणते?

शरीराकडे इंधनाचे दोन साठे असतात. एक चरबीचा, जो सडपातळ माणसातही कित्येक दिवस पुरेल एवढा असतो. दुसरा ग्लायकोजेनचा, हा साठा कर्बोदकांपासून तयार होतो आणि स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम व यकृतात सुमारे १०० ग्रॅम इतकाच मावतो. संथ चालताना शरीर मुख्यतः चरबी जाळते. कामाचा जोर वाढत गेला की ते ग्लायकोजेनकडे वळते, कारण चरबीपासून ऊर्जा सावकाश मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायूही थोडा अधिक लागतो. गुरे राखणे हे पहिल्या प्रकारचे काम. डोक्यावर भाताचा भारा घेऊन चढ चढणे, जांभ्याचे चिरे उचलणे, कुदळीने बांध घालणे ही कामे दुसऱ्या प्रकारची.

याची पहिली ठळक नोंद डेन्मार्कमधील क्रिस्टेन्सन आणि हॅन्सन या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये केली. कर्बोदकयुक्त आहारावर माणसे स्निग्ध आहाराच्या तुलनेत दुपटीहून अधिक वेळ सायकल चालवू शकतात, असे त्यांना आढळले. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडातील कडाक्याच्या थंडीत पायदळाच्या तुकडीला केवळ ‘पेमिकन’ म्हणजे सुके मांस आणि चरबी यांच्या वड्यांवर ठेवण्यात आले. बर्फातून ओझी वाहणारे ते धडधाकट जवान चार दिवसांतच गळून गेले आणि प्रयोग थांबवावा लागला. १९४५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

तथापि, दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या जवानांना शरीराची सवय बदलायला वेळच मिळाला नाही, हा आक्षेप रास्त आहे. मांस-चरबीवर जगणाऱ्या आर्क्टिकमधील लोकांबरोबर राहिलेल्या प्रवाशांनीही पहिले दोन-तीन आठवडे अशक्तपणा येतो आणि मग तो ओसरतो, असे लिहून ठेवले आहे. अमेरिकेतील स्टीफन फिनी यांनी १९८३ मध्ये पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे अत्यल्प कर्बोदकांवर ठेवले. मध्यम वेगाने ते आधी सरासरी १४७ मिनिटे सायकल चालवत होते. नंतर १५१ मिनिटे. म्हणजे दमसास टिकला. पण जोर लावण्याची, अचानक वेग घेण्याची ताकद मात्र कमी झाली. शिवाय त्या खेळाडूंना क्षार मोजून दिले जात होते, हे विसरता येत नाही. ऑस्ट्रेलियातील लुईस बर्क यांनी २०१७ मध्ये चालण्याच्या शर्यतीतील अव्वल खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात कीटो आहार घेणाऱ्यांना त्याच वेगासाठी अधिक प्राणवायू लागला आणि कडक सराव करूनही त्यांची वेळ सुधारली नाही.

थोडक्यात, असा आहार घेऊन कष्टाचे काम अशक्य आहे असे नाही. त्यासाठी तीन-चार आठवड्यांची सवड, भरपूर स्निग्ध अन्न आणि मिठावर लक्ष लागते. लावणीचा हंगामच मुळी तीन-चार आठवड्यांचा असतो. पाऊस थांबत नाही आणि आवण वाढून गेले की पीक हातचे जाते. सवय होईपर्यंत काम पुढे ढकलण्याची मुभा शेतकऱ्याला नसते.

मिठाचा मुद्दा जरा तपशिलाने पाहायला हवा. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. भात बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो वजन ‘उतरते’, त्यात हे पाणीच बरेचसे असते. त्याच सुमारास रक्तातील इन्सुलिन घटल्याने मूत्रपिंडे अधिक मीठ बाहेर टाकू लागतात. वातानुकूलित कार्यालयात यामुळे थोडे डोके दुखते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी मजुराला किंवा एप्रिलच्या उन्हात चिरेखाणीत राबणाऱ्याला यामुळे पेटके, भोवळ आणि उष्माघात यांना सामोरे जावे लागू शकते. सकाळी मीठ घातलेली पेज पिऊन कामावर जाण्याची कोकणातली रीत पाणी, मीठ आणि सावकाश काम करण्यापुरती साखर अशा तिन्ही गरजा एका वाडग्यात भागवते.

मधुमेहींचे काय?

येथवर वाचून ‘मग भात खाल्लेलाच बरा’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच पाहणीच्या २०२५ मधील निबंधानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि तीही बहुतांशी पांढरा तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांतून. हे प्रमाण जास्तच आहे.

अंगाने सडपातळ असणे हे संरक्षण नव्हे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा वजन-उंची निर्देशांक एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तळ्यातील एखाद्या काटक दिसणाऱ्या शेतकऱ्याच्या रक्तात साखर सापडली, तर म्हणूनच आश्चर्य वाटायला नको.

कर्बोदके कमी केल्याने मधुमेह आटोक्यात येतो का? येतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांपर्यंत चांगला परिणाम दिसला, वर्षभरात तो ओसरू लागला. भारतीय आकडेवारीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात, नव्याने निदान झालेल्यांनी कर्बोदकांचे प्रमाण ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावे आणि प्रथिने वाढवावीत, असे सुचवले आहे. हा मध्यममार्ग ताटात मांडून पाहिला तर गंमत दिसते. बैठ्या पुरुषासाठी ५० टक्के म्हणजे दिवसाला २६४ ग्रॅम कर्बोदके. जड काम करणाऱ्यासाठी तेच ५० टक्के म्हणजे ४३४ ग्रॅम. ती सगळी तांदळातूनच घेतली तर कच्चा तांदूळ अर्ध्या किलोहून अधिक होतो. टक्केवारीने दोघांचे पथ्य एकच, पण ताटे निराळी.

खरा धोका औषधे आणि पथ्य यांची सांगड न घातल्याने उद्भवतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने भात एकदम बंद केला आणि तो नांगरणीला गेला, तर साखर घातक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. त्यात गोळीचा परिणाम चालूच आणि पोट रिकामे. खाचराच्या बांधावर चक्कर येऊन पडलेल्या माणसाला उचलून रुग्णालयात न्यायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, ते या भागातील लोकांना सांगायला नको. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांना कीटो आहारात वेगळाच धोका आहे. रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्ले साचून जीवावर बेतू शकते. त्यामुळे अशा रुग्णांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे आणि आपण काय काम करतो, कोणत्या महिन्यात करतो, हेही त्यांना सांगणे तितकेच आवश्यक आहे. मेहनतीला जाताना खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी असावी.

गर्भवती स्त्रियांनी या वाटेला जाऊच नये. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासात शेतीचे आणि घरचे अधिक कष्ट उपसणाऱ्या मातांची बाळे तुलनेने लहान जन्मल्याचे आढळले. पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. या स्त्रियांच्या ताटातून काही काढण्याऐवजी त्यात भर घालण्याची गरज आहे.

मग कमी काय करायचे? सुरुवात भातापासून करण्याचे कारण नाही. मजुरीच्या दिवसात चार-पाच वेळा होणारा गोड चहा, त्याबरोबरची बटर-बिस्किटे, बाजारच्या दिवशीचा वडापाव आणि थंड पेयाची बाटली यांना आधी कात्री लागावी. नाचणी म्हणजे ‘कमी कर्बोदकांचे’ धान्य, हा शहरी गैरसमज आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके असतात, तांदळात ७८. फरक आहे तो तंतूंचा आणि कॅल्शियमचा, आणि तो मोलाचा आहे. वरकस जमिनीवरचे हे पीक मागे पडत गेले आणि ताटात पांढऱ्या तांदळाची रास तेवढी उरली. सुकट, जवळा, सुके बोंबील हे प्रथिनांचे स्वस्त साधन आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र ते धुऊन, बेताने खावे.

मुख्य बदल हवा तो ऋतूचा. तळ्याचा शेतकरी जुलैत जेवढे राबतो, तेवढे फेब्रुवारीत राबत नाही. चिखलणीला पॉवर टिलर आला आहे, बाजाराला जायला मोटारसायकल आहे आणि झोडणी संपल्यावर अनेकांच्या हाताला दीर्घकाळ जड काम नसते. ताटातला भात मात्र बारमाही तेवढाच राहतो. कर्बोदके कमी करण्याचा प्रयोग ज्याला करायचा आहे, त्याने तो लावणीत न करता कापणीनंतर करावा. भात एक-दोन मुठींनी उतरवावा, त्या जागी कडधान्य वाढवावे आणि साखर तपासून गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रायगडात भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या शेंगा हाती येऊन पोपट्या लागू लागतात, तेव्हा शेतातली जड कामे संपलेली असतात.