आयकराचा परतावा कां अडतो ?

मुदतीच्या ठेवींच्या व्याजावर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा निवृत्त गृहस्थांच्या घरीं दरवर्षीं एक लहानसें नाटक घडतें. ठेवींवर वर्षाकाठीं १,८०,००० रुपये व्याज झालें, कीं बँक शेंकडा दहा याप्रमाणें १८,००० रुपये कर आधींच कापून सरकारजमा करते. गृहस्थाची एकंदर प्राप्ति पाहतां त्यास कर मुळींच लागू नसतो. तो विवरणपत्र भरतो आणि वाट पाहूं लागतो. शेजाऱ्याचे पैसे पंधरा दिवसांत आले, आपले मात्र सहा महिने लोटले तरी नाहींत, हें पाहून त्याचें मन उद्विग्न होतें. आणि विचारावें कोणास, हें न उमगल्यामुळें तो उद्वेग दुणावतो.

परतावा हा सरकारचा अनुग्रह नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. देणें नसतां जी रक्कम सरकारकडे गेली, ती करदात्याचीच होय. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं टाटा केमिकल्स कंपनीच्या प्रकरणांत असें धन व्याजासह परत करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. मग उशीर कां होतो ?

याचें पहिलें उत्तर असें कीं, पुष्कळदां कायद्याच्या दृष्टीनें उशीर झालेलाच नसतो ! १९६१ च्या कायद्यानें विवरणपत्राची प्राथमिक तपासणी करून करदात्यास कळविण्यासाठीं जी मुदत दिली आहे, ती विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षांत भरलें तें वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांची आहे. म्हणजे जुलै २०२५ मध्यें भरलेल्या पत्रासाठीं खात्यास ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अवधि. करदात्यास मात्र तेंच पत्र आपलेंच आहे अशी खूण पटविण्यासाठीं अवघे तीस दिवस मिळतात. ही खूण पटविण्याचें राहून गेलें, तर विवरणपत्र भरलेंच नाहीं असें समजलें जातें. कित्येक वृद्ध गृहस्थ येथेंच फसतात.

व्याजाच्या बाबतींतहि तराजूचीं पारडीं सारखीं नाहींत. मुदतींत विवरणपत्र भरणाऱ्यास आकारणी-वर्षाच्या १ एप्रिलपासून दरमहा शेंकडा अर्धा रुपया व्याज मिळतें. १८,००० रुपये नऊ महिने अडकले तर ८१० रुपये. उलट, तितकाच कर देणें असून त्यानें विवरणपत्रासच नऊ महिने उशीर केला असता, तर दरमहा शेंकडा एक या दरानें त्यास १,६२० रुपये भरावे लागले असते. शिवाय, परताव्याची रक्कम एकंदर कराच्या दहाव्या हिश्शाहून कमी असल्यास व्याज नाहीं. आणि दिरंगाई करदात्याची असेल, तर तितका काळ वजा होतो. संसदेनें २०२५ सालीं संमत केलेल्या नव्या आयकर कायद्यानेंहि ही दरांची तफावत काढून टाकलेली नाहीं.

पूर्वीं कागदी विवरणपत्रें स्थानिक कचेरींत पडून राहत व परताव्याचा धनादेश टपालानें येई. २००९ च्या सुमारास बंगळूर येथें मध्यवर्ती केंद्र निघालें, आणि तेव्हांपासून यंत्र आंकड्याशीं आंकडा ताडून पाहतें. ते जुळले तर काम खरोखर झपाट्यानें होतें. न जुळले तर यंत्रास तर्क करतां येत नाहीं. बँकेनें कापलेला कर खात्याच्या नोंदींत चढला नसेल, किंवा पॅनवर संपूर्ण नांव असून बँकेंत नुसतीं आद्याक्षरें असतील, तर गाडें अडतें. १ मार्च २०१९ पासून परतावा केवळ बँकेंतच जमा होऊं लागला. पुढच्याच महिन्यांत देना बँक बँक ऑफ बडोद्यांत विलीन झाली व कालांतरानें शाखांचे संकेतांक बदलले. ज्यांनीं जुना संकेतांकच कायम ठेवला, त्यांची रक्कम पोहोंचण्यास वाटच उरली नाहीं.

परंतु सर्वांत अधिक संताप होतो तो जुन्या बाकीमुळें. करदात्याकडे मागील कांहीं येणें असल्यास तें परताव्यांतून वळतें करून घेण्याचा अधिकार खात्यास आहे. कागदी दप्तरांतील जुन्या मागण्या जेव्हां यंत्रांत उतरविल्या गेल्या, तेव्हां फेडलेल्या आणि चुकीच्या मागण्याहि त्यांबरोबर आल्या. वीस-वीस वर्षांपूर्वींची पावती आतां कोण जपून ठेवणार ? एका पत्रावरून दिल्ली उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली, आणि २०१३ सालीं, पूर्वसूचना व म्हणणें मांडण्याची संधि दिल्यावांचून अशी वजावट करूं नये, असें बजावलें. तक्रार खोटी नव्हती, याची कबुली पुढें सरकारनेंच दिली. १ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पांत निर्मला सीतारामन् यांनीं सांगितलें कीं, १९६२ पासूनच्या लहानसहान मागण्या नोंदींत पडून आहेत व त्यांमुळें परतावे अडतात. म्हणून २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळांतील १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या काढून टाकण्याचें ठरलें. सुमारें एक कोटि करदात्यांस याचा लाभ होईल, असा अंदाज होता. साठ वर्षांचें ओझें एका घोषणेनें उतरलें. तें चढविलें कोणीं, हें मात्र कोणी विचारलें नाहीं.

मोठ्या कंपन्यांचीहि यांतून सुटका नसते. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचें परताव्यावरील व्याज १२ ते १७ वर्षें अडकलें होतें; २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिला त्याबद्दल भरपाई देवविली. पण २०१३ सालीं त्याच न्यायालयानें खुलासा केला कीं, कायद्यांत सांगितलेल्या व्याजापलीकडे व्याजावर व्याज मागतां येणार नाहीं.

सामान्य गृहस्थास इतक्या लांब जावें लागत नाहीं. कापलेल्या कराची नोंद ताडून पाहावी, बँकखात्याची पडताळणी करावी, जुन्या बाकीची सूचना आल्यास ती मान्य नसल्याचें मुदतींत कळवावें. मौन राहिल्यास बाकी कबूल आहे असें धरलें जातें. ज्यांस कर लागूच नाहीं, त्यांनीं वर्षाच्या आरंभींच तसें प्रतिज्ञापत्र बँकेस दिलें, तर कपातच टळते. आणि वाट पाहून जे ८१० रुपये व्याज हातीं येईल, तें पुढील विवरणपत्रांत प्राप्ति म्हणून दाखविण्यास विसरूं नये. कारण त्यावरहि कर आहे.