हिल्बर्ट अवकाशाचे विखंडन

हिल्बर्ट अवकाशाचे विखंडन म्हणजे अनेक कणांच्या पुंजसंस्थेतील सर्व संभाव्य स्थितींची, एकमेकांत जाता न येणाऱ्या अगणित कप्प्यांत विभागणी होय. बाह्य जगापासून अलग ठेवलेली मोठी पुंजसंस्था सहसा आपली आरंभीची स्थिती हळूहळू विसरते व तिचा प्रत्येक लहान भाग औष्णिक समतोलास पोहोचतो. विखंडित संस्थेत ही विस्मृती पूर्ण होत नाही. ही संज्ञा २०२० च्या सुमारास रूढ झाली. तिच्यामागील गणिताचे एक स्वच्छ उदाहरण मात्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मुस्तनसिर बर्मा व दीपक धर यांनी १९९४ मध्येच मांडले होते.

त्यांच्या प्रारूपात एका ओळीतील प्रत्येक स्थान रिकामे (०) किंवा भरलेले (१) असते. लगतची तीन रिकामी स्थाने एकदम भरतात, किंवा तीन भरलेली एकदम रिकामी होतात. अन्य बदल संभवत नाही. मूळ प्रारूप संभाव्यतेवर आधारलेले असले, तरी त्याचे सारणीरूप पुंज-फिरक्यांच्या साखळीचे हॅमिल्टनियन म्हणूनही वाचता येते.

कोणत्याही मालेतून ००० वा १११ हे त्रिक खोडावे, उरलेले अंक जोडावेत आणि त्रिक संपेपर्यंत हेच करावे. शेवटी उरते ती ‘असंक्षेप्य माला’. ०००१०० पासून ११११०० आणि तेथून १००००० मिळते. एकटा १ चौथ्या स्थानावरून पहिल्यावर आला, तरी तिन्हींतून उरते १०० हेच. ही माला कधीच बदलत नाही, म्हणून प्रत्येक असंक्षेप्य माला एक स्वतंत्र कप्पा ठरते.

असे कप्पे किती? असंक्षेप्य मालेत समान अंक सलग एकदा किंवा दोनदाच येतात. एकास लघू व दोनास गुरू मानले, की प्रश्न मात्रावृत्तांच्या मोजणीचा होतो. छंदःशास्त्रात हेमचंद्राने बाराव्या शतकात दिलेली १, २, ३, ५, ८, १३ ही श्रेढी येथे जशीच्या तशी अवतरते. सहा मात्रांच्या १३ रचना. आरंभ ० किंवा १ ने होत असल्याने २६ माला. सहा स्थानांच्या ६४ स्थितींपैकी या २६ पूर्णपणे गोठलेल्या असतात. उरलेल्या ३८ स्थिती सात कप्प्यांत वाटल्या जातात. एकूण कप्पे ३३. केवळ कणसंख्या अक्षय्य असती, तर कप्पे सातच झाले असते. स्थाने वाढत जातात तशी कप्प्यांची संख्या दर स्थानामागे सुमारे १.६१८ पट, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराने, वाढते.

समतोलाकडे जाण्याची गतीही कप्प्यागणिक निराळी असते. काही कप्प्यांत सहसंबंध काळाच्या घातानुसार ओसरतो, तर काहींत काळाच्या वर्गमूळावर अवलंबून असलेल्या घातांकी नियमाने. एकच हॅमिल्टनियन असूनही हे घडते, हे विशेष.

‘पुंज व्रण’ ही घटना याहून वेगळी आहे. तिच्यात बहुतेक स्थिती समतोलास जातात व मोजक्याच अपवाद ठरतात. हार्वर्ड येथील ५१ अणूंच्या साखळीवरील २०१७ च्या प्रयोगातून ती पुढे आली.