उद्योजकतेवरची पीएच.डी. आणि प्राणहितेचा काठ

उद्योजकतेत पीएच.डी. करतो म्हटले की घरातून, गावातून पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मग धंदा कोणता काढणार?’ विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण प्रश्न चुकीच्या दाराशी येतो. प्रकल्प अहवाल कसा लिहावा, कर्ज कुठून मिळवावे, परवाने कोणते लागतात हे शिकवणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत. अहमदाबादची भारतीय उद्यमिता विकास संस्था 1983 पासून हे काम करते, महाराष्ट्रात उद्योजकता विकास केंद्र आहे. पीएच.डी.चे काम दुसरे. एकाच गावातले, सारख्याच ऐपतीचे दोघे. त्यातला एक उद्योग उभारतो, दुसरा मजुरीला जातो. असे का होते, याचे टिकेल असे उत्तर शोधायचे आणि ते पुराव्यावर घासून पाहायचे.

दुसरा गैरसमज खुद्द विद्यार्थ्यांमध्ये खोल रुजलेला आहे. सिद्धान्त म्हणजे प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ओळीने मांडायच्या व्याख्या: अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटर असे म्हणतो, नाइट तसे म्हणतो, आणि तिसऱ्या प्रकरणापासून प्रश्नावली सुरू. पुढे त्या सिद्धान्तांचे नावही निघत नाही. असे प्रबंध पाहिले की वाईट वाटते, कारण ही माणसे एकमेकांशी कडाडून भांडत होती आणि त्या भांडणातच अभ्यासाचा जीव आहे.

हे भांडण तेलंगणातल्या बेज्जूरच्या आसपास उभे करून बघा. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे मंडल ऑक्टोबर 2016 पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आले. एका अंगाला जंगल, पुढे प्राणहिता, आणि नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम लागतो. भल्या पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी आणून घरच्या सगळ्यांनी बसून त्यांचे पुडे बांधायचे, मग ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. गडचिरोलीकडे 70 पानांचा एक पुडा आणि अशा 1000 पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. ठेकेदार हंगामाआधीच लिलावात दर बोलतो. पान कसे निघेल, पाऊस मध्येच येईल का, विडी कारखानदार पुढे काय भाव देतील, यातले काहीच त्याला तेव्हा ठाऊक नसते.

रिचर्ड कँटिलाँच्या 1755 साली छापलेल्या ग्रंथातला उद्योजक हुबेहूब हाच: ठरल्या भावाने घेतो, न ठरलेल्या भावाने विकतो. फ्रँक नाइटने 1921 मध्ये त्यात मोठा भेद केला. ज्या धोक्याचा हिशेब मांडता येतो त्याचा विमा उतरवता येतो. ज्याचा हिशेबच मांडता येत नाही ती अनिश्चितता, आणि ती अंगावर घेण्याचा मोबदला म्हणजे नफा. शुम्पीटरला हे मान्य नाही. त्याच्या मते धोका पैसे लावणाऱ्याचा असतो, उद्योजकाचे काम नवी जुळणी करण्याचे: नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा संघटनेचा नवा प्रकार. इझ्रायल कर्झनर 1973 मध्ये म्हणतो की दोन बाजारांतली इतरांना न दिसलेली भावाची तफावत ज्याला दिसते तो उद्योजक. आता ठरवा, तेंदूच्या साखळीत उद्योजक कोण? कँटिलाँ ठेकेदाराकडे बोट दाखवील. शुम्पीटर त्याला बहुधा उद्योजक म्हणणारच नाही. त्याची नजर नदीपलीकडे जाईल.

कारण नदीपलीकडे संघटनेचा नवा प्रकार खरोखर उभा राहिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचे अधिकारही ग्रामसभेकडे आले आणि गावाने स्वतः बांबू विकला. पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वतः करू लागल्या. इथे उद्योजक एक माणूस नाही, अख्खे गाव आहे. आना मारिया पेरेदो आणि जेम्स क्रिसमन यांनी 2006 मध्ये समुदायाच्या उद्योगाचा सिद्धान्त मांडला, तो अशाच उदाहरणांसाठी. तरीही नाइटचा प्रश्न पाठ सोडत नाही: ठेकेदाराने पैसे थकवले किंवा लिलावाला कोणी आलेच नाही, तर अनिश्चितता कोणाच्या अंगावर? फळीवर पान देणाऱ्या बाईच्या. मग नाइटच्या हिशेबाने नफाही तिलाच मिळायला हवा. मिळतो का? या एका प्रश्नावर पुरा प्रबंध उभा राहू शकतो, आणि माझ्या मते तो हैदराबादच्या स्टार्टअपवरच्या आणखी एका प्रबंधापेक्षा कितीतरी मोलाचा ठरेल.

‘आमच्या भागात उद्योजकताच नाही, अभ्यास कशाचा करणार?’ हा तिसरा गैरसमज त्यामुळे निकालात निघतो. शेजारच्या सिर्पूर कागजनगरची कागद गिरणी 2014 मध्ये बंद पडली आणि 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात गिरणीवर पोट असलेल्या माणसांनी काय काय केले? कोणी नाइलाजाने दुकान टाकले, कोणाला त्यातच संधी दिसली, गिरणी सुरू झाल्यावर कोण परतले आणि कोण नाही? नाइलाजाची उद्योजकता आणि संधीची उद्योजकता हा भेद जगभरचे अभ्यासक करतात. तो खरा किती आणि कागदावरचा किती, हे इथे तपासता येईल.

‘उद्योजक जन्मावा लागतो, ते रक्तातच असते’ हे तर आपल्याकडे जातीच्या नावानिशी बोलले जाते. याची परीक्षा तेलुगू मुलखातच झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1960च्या दशकात काकीनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत कर्तृत्वाची प्रेरणा वाढवणारे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. तुलनेसाठी राजमहेंद्री हे शहर घेतले. प्रशिक्षण घेतलेले लोक पुढे धंद्यात अधिक हालचाल करताना दिसले, आणि परंपरागत समजुती त्यांच्या आड आल्याचे दिसले नाही. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, ती वाचलीच पाहिजे. विल्यम गार्टनरने 1988 मध्ये तर ‘उद्योजक कोण?’ हा प्रश्नच चुकीचा ठरवला. माणसाचा स्वभाव तपासण्याऐवजी संस्था उभी करताना तो काय काय करतो ते पाहा, असे त्याचे म्हणणे.

पद्धतीबद्दलही असाच घोळ आहे. शंभर-दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, टक्केवारी काढली, की संशोधन झाले असे धरले जाते. पण टिकलेल्या दुकानदारालाच विचारले तर यशाची कारणे कळत नाहीत. तेच गुण बुडालेल्यातही असतील. किर्लोस्करांचे चरित्र वाचून स्फूर्ती मिळते, सिद्धान्त मिळत नाही. सरस सरस्वतींनी कार्नेगी मेलन विद्यापीठात हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध केला, तेव्हा अवघ्या 27 मुरलेल्या उद्योजकांपुढे एक काल्पनिक उद्योग ठेवला आणि निर्णय घेताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. ही माणसे बाजाराचे भाकीत करत बसत नाहीत. हाताशी काय आहे आणि किती बुडाले तर चालेल, इथून सुरुवात करतात, असे त्यातून निघाले. 2001 मध्ये मांडलेला तो सिद्धान्त आज जगभर शिकवला जातो.

म्हणजे सिद्धान्त मोठ्यांनी करायचे आणि विद्यार्थ्याने ते ‘लागू’ करायचे, हेही खरे नाही. नाइटच्या ग्रंथाचे मूळ 1916 च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या पीएच.डी. प्रबंधात आहे. आपल्या धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा 1924 चा ग्रंथ म्हणजे केंब्रिजमधला पदवीचा प्रबंधच होता.

नियमांविषयीच्या ऐकीव गोष्टी थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशव्यापी सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. ग्राह्य नाही. किमान 3 वर्षे, कमाल 6, पुनर्नोंदणीने आणखी 2. स्त्रियांना त्यावर 2 वर्षांची सवलत. नेट-जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये. बेज्जूरच्या विद्यार्थ्याला वरंगळचे काकतीय विद्यापीठ आहे, पलीकडे गडचिरोलीत 2011 साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ.

शेवटी भाषेचे. मराठी घरातल्या मुलाला वाटते, इंग्रजी कच्चे म्हणजे आपले काम नव्हे. इंग्रजी वाचावे लागेलच, ते मेहनतीने येते. पण नदीपलीकडच्या ग्रामसभांचे ठराव, हजेरीपत्रके, लिलावाचे कागद मराठीत आहेत, नदीच्या अलीकडच्या काठावरचे व्यवहार तेलुगूत चालतात, आणि पाने तोडणारी कितीतरी माणसे घरी गोंडी बोलतात. एकच जंगल, दोन राज्यांच्या दोन पद्धती, दोन्हीकडे नातीगोती. अशी तुलना मांडायची तर या तिन्ही भाषा कानावर असलेला संशोधक लागतो, आणि तो बेज्जूरच्या बाजारात हमखास भेटतो.