मागच्या गोळ्यातली घरघर

बोलेरो किंवा स्कॉर्पिओ समृद्धी महामार्गाला लागते, काटा ऐंशीच्या पुढे सरकतो आणि मागच्या सीटखालून बारीक घुंई सुरू होते. बहुतेकांना ती टायरची वाटते. गाण्यांचा आवाज वाढवला की ऐकूही येत नाही. पुढे तिची घरघर होते, मग मेकॅनिक गाडीखाली सरकून सांगतो : डिफरन्शियलचं बेअरिंग गेलं.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. (पुढच्या चाकांवर चालणाऱ्या शहरी एसयूव्हीत हा मागचा गोळा नसतोच.) इंजिनाची ताकद लांब दांड्यावरून येते, छोट्या पिनियन गिअरमधून मोठ्या क्राऊन गिअरला मिळते आणि तिथून चाकांना. पिनियनचे साधारण चार फेरे झाले की चाकाचा एक होतो. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर ताशी 100 किलोमीटरला चाक मिनिटाला साडेसातशेच्या आसपास फिरतं आणि पिनियन तीन हजार. म्हणून पिनियनची बेअरिंगं बहुधा आधी बोलू लागतात.

दोन बेअरिंगं पिनियनवर, दोन क्राऊनच्या दोन्ही अंगांना. चौघांचे रोलर निमुळते. क्राऊन-पिनियनचे वाकडे दाते एकमेकांवर घसरत फिरतात, त्यामुळे वजनाबरोबर आडवा रेटाही येतो, आणि तो सरळ रोलरला झेपत नाही. हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेही घोडागाडीच्या धुऱ्यासाठी!

मग लाखभर किलोमीटर सहज चालावं असं बेअरिंग अर्ध्यातच का जातं? आपल्याकडे माझा पहिला संशय पाण्यावर. गोळ्याच्या वर ब्रीदर नावाची छोटी नळी असते. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर पडते. काळ्या मातीचा चिखल तिच्या तोंडावर वाळून बसतो आणि श्वास कोंडतो. तापलेली गाडी पुराच्या ओढ्यात घातली की गोळा एकदम थंड होतो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असल्याने सीलच्या ओठांमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ चहासारखं होतं. गाडी चार दिवस उभी राहिली तर रोलरांवर गंजाचे बारीक ठिपके पडतात. चालताना तिथलेच पापुद्रे सुटतात आणि तेच पापुद्रे उरलेली बेअरिंगं दळतात. मोसंबीचे क्रेट छतापर्यंत भरलेले असतील तर विचारायलाच नको.

दुसरा घात गॅरेजात होतो. सील बदलायला पिनियनचा नट सोडतात आणि अंदाजाने परत आवळतात. बेअरिंगं एकमेकांवर ठरावीक दाबाने बसवलेली असतात. पुष्कळ गाड्यांत हा दाब राखायला एक दबणारी नळी असते. एकदा दबली की पुन्हा नवीच घालावी लागते. नट जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, ढिला राहिला तर पिनियन हलतो आणि दातेही खराब होतात. पिनियन हाताने फिरवताना किती जड जातो, हे मीटरवर मोजायचं काम आहे. मनगटाच्या भरवशावर सोडणाऱ्या मिस्त्रीकडे मी गाडी देणार नाही.

आवाज ओळखायची खूण सोपी. वळणावर एका बाजूला झुकताना वाढला तर चाकाचं बेअरिंग पाहा. रेस दिल्यावर वा सोडल्यावर सूर बदलत असेल, तर गोळ्याकडे या. तेल काढताना चुंबकाच्या बुचावर राखाडी लेप निघाला तर चालेल; चकचकीत कपच्या निघाल्या तर गोळा उघडावाच लागतो.

ब्रीदर मात्र मृगाआधीच काढून, फुंकून पाहावा. आणि पाण्यातून गाडी काढली असेल, तर दुसऱ्या दिवशी वरचं बूच उघडून तेलात बोट बुडवावं. रंग दुधाळ चहाचा दिसला तर तेल त्याच दिवशी बदलावं, मग ते महिन्यापूर्वीच भरलेलं का असेना.