मुदत संपलेली उधारी

मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावात पेरणीच्या वेळी उधारीवर नेलेल्या मालाचे पैसे कापूस-सोयाबीन विकल्यावर दुकानाच्या वहीत जमा होतात. अशा व्यापारी घरातील मुलगा वा मुलगी अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयात व्यापारविषयक कायदे शिकू लागली, की उधारीचे प्रकरण त्यांना चकित करते. मुदत अधिनियम, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा सामान्यतः तीन वर्षांतच लावावा लागतो. पुढे दाव्याचा मार्ग खुंटतो. ऋण मात्र उरतेच. करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ प्रमाणे असे मुदतबाह्य ऋण फेडण्याचे लेखी व सहीनिशी दिलेले वचन बंधनकारक असते.

आणि ऋणको आपणच असलो तर? 'दावा टिकणार नाही' हा वकिलाचा सल्ला अचूकच असेल. 'तत्त्वार्थसूत्रा'त अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये खोटी मापे व बनावट माल यांच्या जोडीला राज्याच्या नियमांचे उल्लंघनही गणले आहे. म्हणजे कायदा पाळणे हे व्रतातच आले. परंतु व्रताला तीन वर्षांची मुदत नाही. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने बाकी लेखी मान्य केली, तर मुदत अधिनियमाच्या कलम १८ नुसार त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. दिवाळीच्या वहीपूजनाआधी घाऊक व्यापाऱ्याकडे आपण होऊन जाऊन ती सही देता येते.