मालवाहू पिकअपचा विमा : हप्ता किती आणि तो कशासाठी ?

भाजीपाला, फळे, फुले यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजारपेठेत पोहोचणे हे शेतकऱ्याच्या नफ्यातोट्याचे एक प्रमुख अंग होय. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, वाशीच्या बाजारात पहाटे उतरणारी पालेभाजी, यांपैकी पुष्कळ माल आज मध्यम आकाराच्या पिकअप गाडीतून जातो. अशी गाडी कोणी एकट्याने घेतो, कोणी भावाभावांत, तर कोठे शेतकऱ्यांचा गट ती घेतो. गाडी घेताना तिची किंमत, कर्जाचा हप्ता व डिझेलचा खर्च यांचा हिशेब बारकाईने केला जातो. विम्याचा हप्ता मात्र केवळ कागदपत्रांचा खर्च समजला जातो आणि जो सर्वांत कमी रक्कम सांगेल त्याच्याकडून विमा घेतला जातो. ही पद्धत हितावह नाही. हप्त्याची रक्कम कोणकोणत्या भागांची बनते, कोणत्या भागात काटकसर करता येते आणि कोठे केलेली काटकसर पुढे घरादाराला भोवते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

हप्त्याचे दोन मुख्य भाग

विम्याच्या हप्त्याचा पहिला भाग तिऱ्हाइताच्या नुकसानीचा असतो. त्यास व्यवहारात 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरील दुसऱ्या माणसास इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर जी भरपाई द्यावी लागते ती या भागातून दिली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ अन्वये हा विमा सक्तीचा आहे. तो नसता गाडी रस्त्यावर आणल्यास कलम १९६ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा घडल्यास ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाची रक्कम ही यातील लहान गोष्ट होय. अपघातातील मृत्यूची भरपाई न्यायाधिकरण कित्येक लाख रुपयांची ठरवू शकते आणि विमा नसेल तर ती मालकाच्या मिळकतीतून वसूल होऊ शकते. सात-बारावरील जमीनही त्यातून सुटत नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असतो. अपघात, आग, चोरी, पूर, दरड कोसळणे इत्यादी कारणांनी गाडीची हानी झाली तर हा भाग उपयोगी पडतो. हा भाग कायद्याने सक्तीचा नाही. तथापि गाडी कर्जाऊ घेतली असल्यास बँक तो घ्यावयास लावतेच.

तिऱ्हाइताच्या भागाचा दर

या भागाचा दर सरकार ठरवून देते. त्यामुळे सर्व विमा कंपन्यांकडे तो सारखाच असतो व त्यात घासाघीस करता येत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात, ज्या मालवाहू गाडीचे मालासह एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा अधिक नाही, अशा भाड्याने माल वाहणाऱ्या चारचाकी गाडीस वर्षाला १६,०४९ रुपये हा दर आहे. केवळ स्वतःचाच माल वाहणाऱ्या त्याच वजनाच्या गाडीस तो ८,५१० रुपये आहे. दरपत्रकात सरकार वेळोवेळी बदल करते, म्हणून विमा घेतेवेळी चालू दर विचारून घ्यावा. मध्यम आकाराचे पिकअप या ७,५०० किलोच्या मर्यादेत सहज बसतात.

दोन्ही दरांत ७,५३९ रुपयांचा फरक आहे, आणि येथेच मोह होतो. 'गाडी आमच्या शेतमालासाठीच आहे' असे लिहून देऊन कमी दराचे विमापत्र घ्यावयाचे आणि हंगामात शेजाऱ्यांचा टोमॅटो भाड्याने न्यावयाचा, असा व्यवहार करू नये. भाड्याच्या खेपेत अपघात झाला तर विमापत्रातील वापराच्या अटीचा भंग झाला, असे कंपनी दाखवू शकते. मग आपल्या गाडीची भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो, तसेच तिऱ्हाइतास दिलेली रक्कमही पुढे मालकाकडून वसूल होण्याचा धोका राहतो. वर्षातून चार खेपा जरी भाड्याच्या होणार असतील, तरी भाड्याच्या गाडीचाच विमा घ्यावा.

स्वतःच्या गाडीच्या भागाचा दर

या भागाचा दर प्रत्येक कंपनी आपापला ठरविते. म्हणून दोन-तीन कंपन्यांकडे चौकशी करणे येथे फायद्याचे ठरते. हप्ता गाडीच्या घोषित मूल्यावर आकारतात. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त जी रक्कम मिळावयाची, तेच हे मूल्य होय. नव्या गाडीच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्या वर्षात ४० व पाचव्या वर्षात ५० टक्के घसारा वजा करून ते काढतात. हप्ता कमी दिसावा म्हणून घोषित मूल्य याहून खाली लिहवून घेणे म्हणजे स्वतःचीच भरपाई आधी कापून घेणे होय.

ज्या वर्षी भरपाईची मागणी केली नाही, त्या वर्षानंतर या भागात सूट मिळते. तीस 'नो क्लेम बोनस' म्हणतात. ओळीने एक, दोन, तीन, चार व पाच वर्षे मागणी न केल्यास ती अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के असते. तिऱ्हाइताच्या भागात ही सूट मिळत नाही. एकदा मागणी केली की साठलेली सूट जाते. म्हणून किरकोळ दुरुस्तीचा खर्च बुडणाऱ्या सवलतीपेक्षा कमी असेल, तर तो स्वतः सोसणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. विम्याची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यासही ही सूट नाहीशी होते. गाडी विकली तर सूट गाडीबरोबर जात नाही. ती मालकाची असते आणि त्याच्या पुढील गाडीस लावून घेता येते.

एका गाडीचा हिशेब

समजण्यास सोपे जावे म्हणून एक नमुना घेऊ. गाडीची किंमत ८,००,००० रुपये आणि स्वतःच्या गाडीच्या भागाचा दर शेकडा दीड रुपया आहे असे मानू. हा दर केवळ उदाहरणादाखल आहे. पहिल्या वर्षी घोषित मूल्य ७,६०,००० रुपये व त्यावर हप्ता ११,४०० रुपये होईल. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. म्हणजे २,०५२ रुपये. भाड्याच्या गाडीचा तिऱ्हाइताचा भाग १६,०४९ रुपये. मालवाहू गाडीच्या या भागावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, तो सुमारे ८०२ रुपये. एकूण खर्च ३०,३०३ रुपये झाला.

आता पाचवे वर्ष पाहू. घोषित मूल्य ४,००,००० रुपये, त्यावर हप्ता ६,००० रुपये. चार वर्षे मागणी केली नसल्यास ४५ टक्के सूट वजा जाता ३,३०० रुपये व कर ५९४ रुपये. तिऱ्हाइताचा भाग करासह पूर्वीइतकाच, म्हणजे १६,८५१ रुपये. एकूण २०,७४५ रुपये. यावरून दिसून येईल की गाडी जुनी होत जाते तसा स्वतःच्या गाडीचा भाग घटतो, तिऱ्हाइताचा भाग मात्र गाडीच्या वयाबरोबर घटत नाही.

पहिल्या वर्षाच्या ३०,३०३ रुपयांची रक्कम एकदम भरताना मोठी वाटते. वर्षात २०० खेपा झाल्या तर ती खेपेमागे सुमारे १५२ रुपये पडते. एका खेपेत ६० क्रेट माल गेला तर क्रेटमागे सुमारे अडीच रुपये होतात. भाड्याचा दर ठरवितानाच हे अडीच रुपये धरावेत आणि प्रत्येक खेपेनंतर ती रक्कम वेगळी ठेवावी. म्हणजे विम्याची तारीख लागवडीच्या ऐन खर्चाच्या दिवसांत आली तरी अडचण पडणार नाही.

विम्यात काय येत नाही

१. हौद्यातील माणसे.– ही बाब सर्वांत गंभीर आहे. कांदा लागवडीस किंवा तोडणीस मजूर नेताना, लग्नकार्यास अथवा यात्रेस जाताना पिकअपच्या हौद्यात माणसे बसविली जातात. कायद्याच्या कलम १४७ मध्ये मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालाबरोबर जात असेल तर त्यास संरक्षण आहे. मालवाहू गाडीतील फुकट प्रवाशांस मात्र वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या निकालातही, अशा प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे हौद्यात दहा मजूर असताना गाडी उलटली तर पूर्ण हप्ता भरलेला असूनही दहा कुटुंबांची भरपाई मालकाच्या माथी येऊ शकते, आणि त्या कुटुंबांच्या हाती लवकर काही पडेल याचीही शाश्वती उरत नाही. यावर जादा हप्त्याचा उपाय नाही. मजुरांसाठी प्रवासी वाहनच करावे.

२. गाडीतील माल.– गाडीच्या विम्यात गाडी येते, तिच्यातील टोमॅटो अथवा द्राक्षे येत नाहीत. मौल्यवान माल दूर पाठवावयाचा असल्यास मालवाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

३. दिवे, टायर, मडगार्ड, बंपर व रंग.– मालवाहू गाडीच्या साध्या विमापत्रात गाडी पूर्ण निकामी झाल्याखेरीज यांची भरपाई मिळत नाही. थोडा जादा हप्ता भरून ही उणीव काढता येते. शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीस हा जादा हप्ता सहसा परवडतो.

४. भागांची झीज.– मोडलेल्या रबरी व प्लास्टिकच्या भागांच्या किमतीतून ५० टक्के झीज वजा होते, तर धातूच्या भागांत गाडीच्या वयानुसार कपात होते. म्हणून दुरुस्तीचे बिल संपूर्ण मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

जादा हप्त्याच्या दोन उपयुक्त बाबी

गाडीवर पगारी ड्रायव्हर, क्लीनर किंवा हमाल असल्यास त्यांची संख्या विमापत्रात नोंदवून घ्यावी. यासाठी लागणारी रक्कम अल्प असते. तसेच मालक स्वतः गाडी चालवीत असेल व त्याच्याकडे परवाना असेल, तर १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो. दुसरीकडे असा विमा आधीच असेल तर ते कळवावे, म्हणजे दुबार हप्ता पडणार नाही.

चालकाचा परवाना चालू असणे ही भरपाईची मुख्य अट आहे. हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. परंतु मुदत संपलेला परवाना, संपलेले फिटनेस प्रमाणपत्र व क्षमतेपेक्षा जास्त माल ही कारणे भरपाईच्या आड येतात.

अपघात झाल्यास

प्रथम जखमींना दवाखान्यात पोहोचवावे व पोलिसांस कळवावे. त्याच दिवशी विमा कंपनीस फोनवर खबर द्यावी. शक्य तेथे गाडीची व जागेची छायाचित्रे घ्यावीत. कंपनीच्या सर्व्हेयरने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. चोरी झाल्यास पोलिसांत फिर्याद देण्यास एक दिवसाचाही विलंब लावू नये. कंपनीकडून दाद लागत नसल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी, आणि नंतर विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' या व्यवस्थेकडे १५५२५५ या क्रमांकावर किंवा विमा लोकपालांकडे जावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावातील मालवाहू गाड्यांची एक यादी करावी व प्रत्येकीपुढे विमा, फिटनेस आणि चालकाचा परवाना यांच्या मुदतीच्या तारखा लिहाव्यात. मालवाहू गाडीचा विमा साधारणपणे एक वर्षाचा असतो, म्हणून मुदतीपूर्वी पंधरा दिवस मालकास आठवण द्यावी. एजंटाने दिलेले विमापत्र खरे आहे की नाही हे कंपनीच्या कार्यालयातून अथवा परिवहन विभागाच्या नोंदीतून पडताळून पाहण्यास साहाय्य करावे. लागवड व तोडणीचे हंगाम सुरू होण्यापूर्वी गावसभेत, गटाच्या बैठकीत आणि मजुरांच्या वस्तीवर हौद्यातील प्रवासाचा धोका आवर्जून समजावून सांगावा. शेतकरी बंधूंनी आपले विमापत्र आजच काढून त्यातील चार गोष्टी पाहाव्यात : वापराचा प्रकार, घोषित मूल्य, नोंदलेल्या कामगारांची संख्या व मुदतीची तारीख. यांपैकी एकीतही चूक आढळली तर पुढची खेप भरण्यापूर्वी ती दुरुस्त करून घ्यावी.