खर्र्याची लाळ तोंड राखत नाही

«खर्रा खाल्ला का तोंडाले पाणी सुटते जी. नाही खाल्ला का तोंड सुकते.» भंडारा जिल्ह्यात तोंड तपासणीचं कुठलंही शिबिर घ्या, हे वाक्य कानावर पडतंच. तुमसरला ऐकलं, पवनीला ऐकलं, लाखांदूरकडे रोवणीला आलेल्या बायकांकडूनही ऐकलं. त्याचा पुढचा भागही ठरलेला असतो: लाळ सुटते म्हणजे तोंड साफ राहतं, दाढ ठणकत नाही, मग वाईट काय? यातलं पाणी सुटणं खरं आहे. म्हणूनच बाकीचं खोटं आहे हे पटवून देताना जीव मेटाकुटीला येतो.

पाणी कशाने सुटतं ते पाहू. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घेतात, पाण्याचे थेंब टाकतात आणि पन्नीतच घोटून घोटून खर्रा तयार करतात. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. लाळग्रंथींना ‘लाळ सोडा’ असा निरोप मज्जातंतूंकडून जातो. अरेकोलिन त्याच जागी जाऊन बसतं आणि ग्रंथींकडून लाळ काढून घेतं. चुन्यामुळे तोंडातला आम्लपणा मोडतो, मग तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. दाढ ठणकायची थांबते ती या गुंगीने. कीड तिथेच असते आणि आत आत जात राहते. सुटलेली लाळ तर माणूस थुंकून टाकतो. जी तोंडात राहून दात राखायची, तीच रस्त्यावर जाते.

लाळेचं खरं काम गुपचूप चालतं. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात, शिवाय ओठ-गाल-टाळूत शेकडो बारक्या ग्रंथी. सगळ्यांची मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जेवणानंतर जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, आम्ल वाढून पीएच ५.५ च्या खाली घसरला की दाताचं कवच विरघळू लागतं. लाळेतलं बायकार्बोनेट हे आम्ल मारतं, तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट झिजलेली जागा पुन्हा भरतं. हे होण्यासाठी लाळ तोंडात टिकावी लागते, गिळली जावी लागते, दोन जेवणांच्या मधल्या वेळेतही झिरपत राहावी लागते.

सुपारी चघळणाऱ्यांचे दात काही पाहण्यांत कमी किडलेले आढळले, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच माणसांचे दात झिजून सपाट होतात, खर्रा जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी दाताला सोडून खाली जाते आणि गाल आतून पांढुरका पडतो. सुरुवात होते ती तिखट न सोसण्यापासून. कालपर्यंत चालणारं सावजी आज झोंबतं. मग गालात दोरीसारखे कडक पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर ते वयामुळे नाही, बहुधा सुपारीमुळे आहे. या अवस्थेत तोंड कोरडंही वाटू लागतं. नेमका तेव्हाच माणूस पाणी सुटावं म्हणून आणखी एक पुडी सोडतो! केरळात एर्नाकुलमला अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली, तेव्हा ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. आणि त्या कर्करोगावर किरणांचा शेक घ्यावा लागला की लाळग्रंथीच करपतात. मग खरोखरचं कोरडं तोंड वाट्याला येतं, दात हिरडीलगत भराभर किडतात, घास पाण्याशिवाय उतरत नाही.

‘गुटखा वाईट, खर्रा तर समोर घोटून देतात’ हेही तितक्याच ठामपणे सांगितलं जातं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. खर्र्याच्या पन्नीवर धोक्याचं चित्र नसतं, म्हणून तो घरगुती वाटतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते, धूर ओढणारे ३.८ टक्के. आपला खरा प्रश्न बिडी-सिगारेटपेक्षा गालात आहे.

तोंड आणि लाळेबद्दल असे आणखीही समज आहेत. ‘तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. मुलांच्या हातातली गोड सुपारीही त्यात आली.

‘गुडाखूने दात घासले की हिरड्या घट्ट होतात.’ गुडाखू म्हणजे गुळात कालवलेला तंबाखू. दात घासायच्या वस्तूंत तंबाखू घालायला १९९२ पासून देशात मनाई आहे.

‘तोंड सुकतं ते गरमीने.’ नवतपात सुकेल, पण पावसाळ्यातही सुकत असेल, कोरडे मुरमुरे पाण्याशिवाय गिळता येत नसतील, तर आधी रक्तातली साखर तपासा. सर्दी-खाजेच्या, रक्तदाबाच्या, मानसिक आजारांच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ आटते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून मिळते का ते विचारा. चाळिशी-पन्नाशीच्या बाईचं तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे पडत असतील तर शोग्रेन नावाचा आजार असू शकतो. त्यात शरीर स्वतःच्याच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतं.

‘जेवताना जबड्याखाली फुगतं, ती दाढच.’ जेवायला बसलं की फुगणं आणि तासा-दोन तासांत उतरणं ही लाळेच्या नळीत खडा अडकल्याची खूण आहे. दहातले आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. पाण्यातल्या चुन्याशी त्याचा संबंध नाही. लिंबू चोखा, पाणी भरपूर प्या, आणि दाखवा.

‘गोवराची लस दिली, आता गालगुंड होत नाही.’ सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते. गालगुंडाची लस ज्या एमएमआरमध्ये असते, ती वेगळी घ्यावी लागते. गालावर चुना-हळद फासल्याने गालगुंडाच्या विषाणूवर काही होत नाही, कातडी मात्र भाजते.

‘कानाखालची गाठ दुखत नाही, राहू द्या. सुई लावली तर पसरते.’ या दोन वाक्यांनी लोकांची वर्षं जातात. न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ हीच आधी तपासायची असते. कानापुढच्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, पण साधी कोणती हे बारीक सुईच्या तपासणीशिवाय कळत नाही, आणि त्या सुईने आजार पसरण्याची भीती जवळजवळ निराधार आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या दंतविभागात दाखवा. गरज पडली तर तिथून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी मिळते. खर्रा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा क्रमांक फुकट आहे.